भिकाबाईची तसबीर

मी एक जुनी तसबीर आहे. देवाची नाही, पुढाऱ्याची नाही, वारलेल्या माणसाचीही नाही. खडी फोडणाऱ्या एका बाईची आहे. मित्रांनो, मध्यंतरी माझ्याविषयी वर्तमानपत्रात छापून आलं. मी कोणाकडून कोणाकडे गेले, मालकी कोणाची, मला मागून नेलं की पळवून नेलं, यावर मोठमोठी माणसं तावातावाने बोलली. मला मात्र कोणीच विचारलं नाही. म्हणून आता मीच सांगते. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं.

माझा कागद काही पांढराशुभ्र नव्हता. वारंगा फाट्यावर मोटारींच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. नांदेडहून येणारा माल तिथे जाड खाकी कागदात गुंडाळून यायचा. माझ्या एका कोपऱ्यावर अजून ऑइलचा डाग आहे तो त्यामुळेच. दुकानाच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला रत्नपाल नावाचा विशीतला पेंटर काम करायचा. ट्रकच्या मागे मोर काढायचे, गुलाब काढायचे, गाडीमालकाच्या लेकरांची नावं रंगवायची. हात सफाईदार होता, पण तो सगळं बघून बघून काढायचा. देव कॅलेंडरवरून, नट सिनेमाच्या पोस्टरवरून. समोरचं जितंजागतं माणूस त्याने कधी काढलं नव्हतं. रंग वाळेपर्यंत हॉटेलच्या भट्टीतला विझलेला कोळसा घ्यायचा, खाकी कागदावर रेघोट्या ओढायच्या आणि कागद चुरगाळून फेकून द्यायचा. मीही तशीच फेकली गेले असते.

त्या उन्हाळ्यात फाट्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बाया खडी फोडायला यायच्या. मुकादम मोठा खडूस. पाण्याचा रांजण त्याने स्वतःच्या खुर्चीशेजारी ठेवला होता आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत कोणी पाण्याला उठायचं नाही, असा त्याचा हुकूम होता. एके दिवशी चतुराबाई नावाची म्हातारी बाई उन्हाने घेरी येऊन खडीच्या ढिगावरच आडवी झाली. बाकीच्या बाया मुकादमाकडे बघत राहिल्या. भिकाबाई मात्र उठली. हातोडा खाली टाकला, सरळ रांजणापाशी गेली, झाकण काढलं आणि तांब्या भरला.

"कोणाला इचारून पाणी घेऊन राहिली?" मुकादम ओरडला.

"तहानंला इचारून," भिकाबाई म्हणाली.

तिने चतुराबाईला पाणी पाजलं. मग स्वतः प्यायली. मग तांब्या हातात धरून मुकादमासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी त्यानेच मान फिरवली. तेवढ्यात एकेक करून सगळ्या बाया पाण्याला उठल्या.

मित्रांनो, माझा जन्म त्या बघण्यातून झाला. आडोशाला बसलेल्या रत्नपालने कोळसा उचलला तो खाली ठेवलाच नाही. हनुवटीवरचं गोंदण, कानांजवळच्या चांदीच्या घुगऱ्या, खडीचा कण उडून डाव्या भुवईवर पडलेली खूण, घट्ट मिटलेले ओठ, हे सगळं त्याने भराभर कागदावर उतरवलं. डोळ्यांपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. त्याने पुन्हा वर बघितलं. तोवर ते डोळे मुकादमाला सोडून त्याच्यावरच रोखलेले होते.

"ए पेंटर, काय करून राहिला रे?"

रत्नपाल उठून उभा राहिला. भिकाबाई जवळ आली, वाकून माझ्याकडे बघू लागली. आपलं तोंड तिने आजवर आरशाच्या फुटक्या तुकड्यात बघितलं होतं, तेही अर्धं अर्धं.

"ही मी हाय?"

"व्हय."

"मला इचारलं व्हतं?"

"न्हाई," रत्नपाल खाली बघत म्हणाला.

"मंग आण इकडं. तोंड माझं हाय, तर तसबीर बी माझी."

रत्नपालच्या जिवावर आलं. त्याच्या हातून आज पहिल्यांदा एक माणूस कागदावर उतरलं होतं. तो म्हणाला, "उद्या देतो. दुसरी बनवून घेतो आधी."

"उद्याचं कोणी पाह्यलं? देतो का न्हाई, ते सांग."

तो हसला. खालच्या कोपऱ्यात त्याने आपलं 'र' हे अक्षर काढलं आणि मला तिच्या हातात दिलं. 'दिली' हा शब्द नीट लक्षात घ्या. उसनी नाही, ठेवायला नाही. दिली. मी ज्याच्या हातून जन्मले, त्यानेच मला माझ्या पहिल्या मालकिणीच्या हाती सोपवलं. पुढे शहाण्या लोकांना एवढी साधी गोष्ट समजायला फार वेळ लागला.

तांड्यावर भिकाबाईने मला बाभळीच्या चार काट्यांनी कुडाला टाचलं. तिचा नवरा वसराम कपाळाला हात लावून म्हणाला, "घरात एक भिकाबाई कमी व्हती का? आता भितीवरून बी डोळे वटारायली!" तांड्यावरच्या बाया मला बघायला येत. कोणी म्हणे नाक लांब आलं, कोणी म्हणे घुगऱ्या बराबर आल्या. मला त्यांचं बोलणं आवडायचं.

खरं काम मला पुढे मिळालं. दिवाळी झाली की भिकाबाई आणि वसराम ऊसतोडीला जायचे. त्यांची मुलगी निता शाळेसाठी मागे राहायची. शेजारच्या जनकाबाईकडे जेवायची, तिथेच निजायची. पण शाळा सुटली की घराची कडी काढून आधी माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि पाटीवर लिहिलेलं मला दाखवायची. "बघ गं याडी," म्हणायची. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. एकदा शाळेतल्या बाईंनी विनाकारण मारलं तेव्हा माझ्यासमोर बसून पोटभर रडली आणि मग माझ्याकडे बघून तिने आपले ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी ती बाईंना जाऊन म्हणाली, "माझं काय चुकलं ते सांगा, मंग मारा." लोक विचारतात, चित्राचा उपयोग काय? मी लेकरू सांभाळलंय, मित्रांनो. कोणाही राजाच्या चित्राने एवढं काम केलं असेल तर मला दाखवा.

निताचं लग्न झालं तेव्हा भिकाबाईने काटे उपटले, मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. "सासरी कोणी उगाच बोललं तर हिच्याकडं बघत जाय," ती म्हणाली. अशी मी निताची झाले.

निताचं सासर औंढा नागनाथजवळ. तिचा नवरा दिपक शेती करतो. स्वभावाने भोळा, कोणालाही लगेच हो म्हणणारा. निताने मला औंढ्याला नेलं. देवळाच्या रस्त्यावर रामसिंग नावाचा माणूस फोटोंना फ्रेम लावून द्यायचा. त्याच्या दुकानात चहूकडे महादेवच महादेव. मला हातात घेऊन त्याने तोंड पाडलं.

"कधी वारल्या, ताई? हार लावायचा का चंदनाचा?"

"काहून वारंल? जित्ती हाय माझी माय! काल तिनंच ज्वारी काढली."

रामसिंग इतका हसला की हातातली काच पडता पडता वाचली. त्याने मला सागवानी फ्रेम लावली, मागे जाड पुठ्ठा बसवला आणि पुठ्ठ्यावर दुकानाची छापील चिठ्ठी डकवली.

त्यानंतरची वर्षं मात्र फारशी बरी गेली नाहीत. निताच्या घरात टीव्ही आला, मग कपाट आलं, मग पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारी कॅलेंडरं आली. मी आधी दर्शनी भिंतीवरून आतल्या खोलीत गेले, मग दाराच्या मागे. काचेवर धूळ बसली. एका पावसाळ्यात ओल चढली आणि खालच्या कडेला तपकिरी रेघ उमटली. निताचा जीव माझ्यावर होता, पण संसारात माणसाची नजर कुठे कुठे पुरणार? वसराम गेल्यावर भिकाबाई लेकीकडे राहायला आली, तेव्हा तिने पदराने माझी काच पुसली आणि मला परत दर्शनी भिंतीवर लावायला लावलं.

एके दिवशी टीव्हीवर एका मोठ्या चित्रकाराचा सत्कार दाखवत होते. पांढरी दाढी, खादीचा झब्बा. भिकाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"ह्यो तर आपला फाट्यावरचा पेंटर! रत्नपाल!"

ती हे सगळ्यांना सांगत सुटली. बातमी फिरत फिरत पुण्याला सोमेश्वर नावाच्या गृहस्थापर्यंत पोहोचली. रत्नपालची चित्रं विकायचं, प्रदर्शनं भरवायचं काम हे सोमेश्वर पाहत. ते गाडी घेऊन निताच्या दारात आले, तेव्हा निता आणि भिकाबाई शेतात होत्या. दिपक एकटाच घरी होता. हिंगोलीत रत्नपाल सरांचा सत्कार आहे, तिथे त्यांची जुनी चित्रं मांडायची आहेत, दोन दिवसांत परत आणून देतो, असं सोमेश्वरांनी सांगितलं. दिपकने पाहुण्याला चहा पाजला आणि मला भिंतीवरून काढून दिलं.

मागे घरी काय झालं ते मी नंतर ऐकलं. संध्याकाळी निताने रिकामा खिळा बघितला.

"कोणाला इचारून दिली?"

"मोठा माणूस व्हता. परत देतो म्हणला."

"तसबीर माझी हाय. ती घरात येत न्हाई तवर माझ्यासंग बोलू नका."

इकडे हिंगोलीच्या सभागृहात रत्नपाल माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांनी! त्याने काचेवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता हा विचारेल, भिकाबाई कुठे आहे? कशी आहे? पण तो कोपऱ्यातल्या आपल्या 'र'कडेच बघत राहिला. सोमेश्वर त्याच्या कानाशी लागले, "सर, तुमचं पहिलं व्यक्तिचित्र. हे आता आपल्याकडेच राहू द्या." रत्नपाल त्यावर गप्प राहिला. गप्प राहणारा माणूस हो म्हणणाऱ्यापेक्षा वेगळा नसतो, हे मी त्या दिवशी शिकले.

मला पुण्याला नेलं. दिपकने फोनवर फोन केले. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हेच उत्तर. शेवटी तो स्वतः पुण्याला गेला, तर दारावरच्या माणसाने त्याला आत सोडलं नाही. बिचारा रात्रीच्या बसने परत आला, आणि घरात कोणी बोलत नव्हतंच.

पुण्याला मला दिव्यांच्या झगमगाटात टांगलं. फ्रेम तशीच ठेवली, म्हणे गावठी फ्रेमला एक वेगळी शोभा असते. शेजारी पाटी लावली: 'अनाम बंजारा स्त्री. चित्रकाराच्या स्वतःच्या संग्रहातून.' छान छान कपड्यांतली माणसं माझ्यासमोर हळू आवाजात बोलायची. "काय वेदना आहे हो डोळ्यांत!" वेदना? अहो, तो राग आहे! चांगला खणखणीत राग! मी आतल्या आत किती ओरडले म्हणून सांगू. अनाम कोण? जिच्या नावाने मुकादम घाबरायचा ती? पण कागदाचा आवाज काचेबाहेर जात नाही.

एका मोठ्या संग्रहालयाला मला विकत घ्यायचं होतं. मी आजवर कोणाकोणाकडे होते याचा तपास करायला त्यांनी प्रियंका नावाच्या मुलीला पाठवलं. तिने रत्नपालला सरळ विचारलं, "सर, हे काढल्यापासून तुमच्याकडेच होतं?"

"हो, त्यांच्याकडेच," सोमेश्वरच मध्ये बोलले. रत्नपाल खिडकीबाहेर बघत राहिला.

प्रियंकाने मला भिंतीवरून उतरवलं आणि उलटं केलं. मागे रामसिंगची चिठ्ठी होती. दुकानाचं नाव, आणि खाली 'औंढा नागनाथ'.

"सर, तुम्ही फ्रेम करायला पुण्याहून औंढ्याला गेला होता?"

सोमेश्वर घाईघाईने फोन कानाला लावून बाहेर गेले. प्रियंका मात्र औंढ्याला आली. रामसिंग आता थकला होता, पण माझा मोबाइलवरचा फोटो बघताच खदखदून हसला. "हां! जित्त्या मायची तसबीर! आपल्या निताताईची!" त्याने तिला थेट निताच्या दारात आणून सोडलं.

ओसरीवर बाजेवर बसलेली एक म्हातारी तिच्याकडे रोखून बघत होती. प्रियंका दारातच थांबली. ही म्हातारी कोण, ते तिला सांगायची गरजच पडली नाही. तिने सगळं खरं खरं सांगितलं. ती पाटी काय म्हणते तेही सांगितलं.

"अनाम म्हंजे?" भिकाबाईने विचारलं.

"ज्याचं नाव माहीत नाही, आजी."

भिकाबाई बाजेवर नीट सरसावून बसली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, नाव ठाऊक नसंल तर येऊन इचारून जाय. मी इथंच हाय."

प्रियंकाने हा निरोप रत्नपालला जसाच्या तसा दिला. संग्रहालयाला तिने कळवून टाकलं की हे चित्र विकायचा अधिकार सोमेश्वरांना नाही. ही बातमी वर्तमानपत्रातही छापून आली. आणि एका सकाळी रत्नपालने मला स्वतः गाडीत ठेवलं. प्रियंका सोबत आली, आणि नाइलाजाने सोमेश्वरही. गाडी निताच्या अंगणात थांबली तेव्हा आजूबाजूची माणसं गोळा झाली होती.

रत्नपालने मला बाजेवर ठेवलं. एकीकडे मी, एकीकडे ती. सोमेश्वरांनी सुरुवात केली. "हे बघा आजी, कायद्याने कलाकृती कलावंताची असते. तुमच्या इथे ओल आहे, उंदीर आहेत. आम्ही नेलं म्हणून टिकलं तरी..."

"तुमी थांबा," भिकाबाई म्हणाली. "मी ह्याच्यासंग बोलून राहिले. रत्नपाल, ही तसबीर तू मला दिली व्हती का उसनी?"

रत्नपालने चष्मा काढला.

"दिली होती," तो म्हणाला.

"मंग गप काहून बसला?"

"भिकाबाई, मी रंगवलेला एकही ट्रक आता कुठे नाही. पाट्या पुसल्या गेल्या. माझ्या तरुणपणाचं माझ्याजवळ काहीच उरलेलं नाही. ही एकच. माझ्या हातचं पहिलं माणूस. हिंगोलीत हिला बघितलं आणि माझ्याने सोडवेना."

खरं सांगते मित्रांनो, त्याचा आवाज ऐकून मलाही कसंतरी झालं. त्याच्या बोटांमुळेच तर मी होते. पण भिकाबाईने नजर हटवली नाही.

"तुझ्या हातचं पहिलं माणूस मी हाय ना? मंग माणसाला भेटायला यायचं व्हतं. कागद काहून नेला?"

रत्नपाल खाली ओट्यावर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. निताने त्याला पाणी आणून दिलं.

"चूक झाली," तो म्हणाला. "तुमची तसबीर तुम्ही ठेवा."

"माझी न्हाई. मी लेकीला दिली. काय करायचं ते तिला इचार."

सगळे निताकडे बघू लागले. दिपकही. प्रियंका म्हणाली, "ताई, विकायची नसेल तर नका विकू. पण काही दिवस लोकांना बघायला मिळाली तर बरं होईल."

निताने मला उचलून छातीशी धरलं. "जाईल," ती म्हणाली. "पण मागून न्याची, आणि आणून द्याची. पाटीवर माझ्या मायचं नाव पाह्यजे. आणि ती काहून अशी बघायली, ते बी लिव्हा. पाण्यासाठी लिव्हा. नायतर लोक म्हणतील, बिचारी."

"ठरलं," प्रियंका म्हणाली.

"असं नसतं चालत," सोमेश्वर पुटपुटले. पण ते त्यांच्याकडे चालत नसेल. आमच्या अंगणात चाललं. त्या संध्याकाळी निता दिपकशी पहिलं वाक्य बोलली ते असं: "खिळा नीट ठोका, हलून राहिला."

पुढच्या वर्षी मी शहरात जाऊन आले. पाटीवर लिहिलं होतं: 'भिकाबाई वसराम राठोड, मुकादमाकडे बघताना.' खाली पाण्याची सगळी हकीकत, आणि 'निता दिपक चव्हाण यांच्या मालकीचे, त्यांच्या परवानगीने.' यावेळी माझ्यासमोर कोणी 'वेदना' म्हणालं नाही. एक बाई बराच वेळ उभी राहिली आणि जाताना मान ताठ करून गेली. ठरल्या दिवशी प्रियंकाने मला घरी आणून पोचवलं.

रत्नपाल आता वर्षातून दोनदा येतो. ओसरीवर बसून गुळाचा चहा पितो. "पुन्हा एकदा काढू का तुम्हाला?" असं त्याने एकदा विचारलं, तर भिकाबाई म्हणाली, "काही गरज न्हाई. एक काढली तर एवढी तकलीफ झाली." मग दोघंही हसत बसले. नाक लांब आलंय की बरोबर, यावर त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या कागदाला ओल लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका, काच पुसत जा, हे तर मी सांगेनच. पण तेवढ्याने कागद जपला जातो, तसबीर नाही. ज्याचं चित्र काढाल, ज्याचा फोटो घ्याल, त्याला आधी विचारा. त्याचं नाव लिहून ठेवा. मागून नेलेली वस्तू परत द्या, मग तुम्ही कितीही मोठे झालेले असा. आणि कोणी तुमचं काही नेऊन बसलं, तर 'जाऊ द्या, मोठी माणसं आहेत' असं म्हणून घरात बसू नका.

मी औंढ्याजवळ, निताच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. बघायला अवश्य या. दार उघडं असतं, चहाही मिळेल. न विचारता न्यायला येणार असाल, तर खिळ्याला हात घालण्याआधी या डोळ्यांकडे एकदा बघा. मुकादमाला जमलं नाही. तुम्हाला जमतं का पाहू.